रस्त्याचा भराव: जमालपूरला परत गेलेल्या एका जवानाचं प्रकरण

मी मुंबईत ज्येष्ठ नागरिकांसोबत समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण लिहायला संबंधित आजोबांनी आणि त्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात त्यांना आबा म्हणतात, इथेही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

आबा सातारा जिल्ह्यातले. १९६२ च्या चीन युद्धानंतर मोठी भरती निघाली, त्यात १९६३ साली ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत रंगरूट झाले. बेळगावला प्रशिक्षण, मग पहिली पलटण, म्हणजे 'जंगी पलटण'. १९७१ च्या युद्धात ते लान्स नायक होते, वय सव्वीस. पुढे हवालदार म्हणून पेन्शनात आले आणि मुंबईत एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो काही परत मिटला नाही. फाटकावरची नोकरी गेली, मग एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन वीस वर्षं उभे राहिले. परळ-नायगाव पट्ट्यातल्या चाळीत संसार झाला. थोरला मुलगा बेस्टमध्ये. त्याची मुलगी, म्हणजे आबांची नात, बँकेत.

आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ३ ते १६ डिसेंबर १९७१ हे युद्ध चाललं. उत्तरेकडून, मेघालयातल्या गारो टेकड्यांच्या बाजूने, ९५ माउंटन ब्रिगेड ढाक्याच्या दिशेने उतरत होती. कमालपूरचं ठाणं ४ डिसेंबरला पडलं. त्यापुढे जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर, आणि तिथे पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पाय रोवून बसलेली. जंगी पलटणीने नदी ओलांडली, शहराला वळसा घातला आणि दक्षिणेला टांगाइल-ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी ९ डिसेंबरला मुक्तिबाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्थानिक सैन्याच्या, एका माणसाकरवी शरणागतीचं पत्र पाठवलं. पाकिस्तानी कर्नलचं उत्तर आलं, त्या कागदासोबत बंदुकीची एक गोळी होती. १० च्या रात्री वेढ्यातलं सैन्य अंधारात त्याच रस्त्याने बाहेर पडायला निघालं आणि मराठ्यांच्या बंदुकांसमोर आलं. ११ ला सकाळी जमालपूर पडलं. पलटण तशीच पुढे टांगाइलकडे गेली. तिथे पुंगलीच्या पुलापाशी विमानातून छत्रीने उतरलेल्या २ पॅरा या पलटणीशी तिची गाठ पडली, आणि तीही मुळात मराठ्यांचीच पलटण.

आबा हे सगळं छान सांगायचे. पत्र, गोळी, पुंगली. नातवंडांनी शंभरदा ऐकलेलं. १० डिसेंबरच्या रात्रीवर मात्र ते एकच वाक्य बोलायचे: "रातभर फायर चाललं, सकाळी जमालपूर आपलं."

अडचण

२०२१ मध्ये आजी गेल्या. त्याच सुमारास शेजारच्या भूखंडावर पुनर्विकासाचं काम सुरू झालं. पाइलिंगचं यंत्र दिवसभर जमिनीत खांब ठोकायचं, कधी रात्रीही. आबा पहाटे तीनला उठून बसू लागले. घरातले सगळे दिवे बंद करायचे. सूनबाईंनी एकदा दिवा लावला तर तिचा हात धरून तिला खाली बसवलं. नंतर स्वतःच रडले. दिवाळीत चार दिवस जेवण जवळजवळ सोडलं. आणि मग एकच धोशा: "मला जमालपूरला न्या."

मुलाने साफ नकार दिला. वय ७७, रक्तदाब, मधुमेह, हृदयात एक स्टेंट, गुडघे गेलेले. "मेलेल्यांना उकरून काय मिळणार आहे?" हे त्याचं वाक्य मला तेव्हा कठोर वाटलं होतं. आता वाटतं, तो घाबरला होता. नात मात्र आजोबांच्या बाजूने. तीच आबांना माझ्याकडे घेऊन आली.

मी आधी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान आघातोत्तर तणावाचं झालं, इंग्रजी आद्याक्षरांनी ज्याला पीटीएसडी म्हणतात. हे नाव निदानाच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. आबा युद्धावरून परतले तेव्हा त्यांच्या त्रासाला देण्यासारखं नावच नव्हतं. गावात म्हणायचे, "लागिरलंय." पुढे संसार, ड्यूटी, संप, मुलांची शिक्षणं या सगळ्याखाली ते दबून राहिलं. आजी होत्या तोवर रात्री त्या उठून शेजारी बसायच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांच्या उपचाराची निम्मी बाजू आजी चाळीस-पन्नास वर्षं सांभाळत होत्या.

कोणते पर्याय होते

डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. तिथे गेल्याने आजार बरा होईल असं समजू नका. तयारीशिवाय गेलात तर बिघडेलही. पण नाही म्हणून विषय संपणार नाही.

मुलाला दिल्लीचा पर्याय आवडला होता. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये खुलं झालं. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटांवर प्रत्येक हुतात्म्याचं नाव कोरलंय. युद्धात पडलेल्या, आबांच्या एका जोडीदार जवानाचं नाव तिथे असणार. दोन तासांचं विमान, पासपोर्ट नको. आबांनी एका वाक्यात निकाल लावला: "नाव तिथं आहे, तो तिथं नाही."

दुसरा पर्याय मेघालयातल्या महेंद्रगंजचा. समोर कमालपूर, मध्ये सीमा. तिथून पलीकडे बघता येईल. पण गुवाहाटीहून पुढचा रस्ता लांबचा, आणि हवी ती जागा तिथून दिसणारच नाही. तिसरा, माजी सैनिकांच्या शिष्टमंडळातून जाणं. विजय दिनाला भारतातून असे पाहुणे ढाक्याला जात असत. पण तिथे निवड होते, कार्यक्रम ठरलेला असतो, हारतुरे असतात. आबांना हारतुरे नको होते. म्हणजे राहिलं घरच्या माणसांसोबत स्वतःच्या खर्चाने जाणं. समान हुद्दा समान निवृत्तिवेतनाची थकबाकी त्यांनी बँकेत ठेवली होती, ती मोडायची तयारी होती.

इथे माझी पहिली चूक झाली. जायचं की नाही, कसं, कुठून, कोणासोबत, यावर आम्ही दोन महिने चर्चा केली. तिथे पोहोचल्यावर आबांना नेमकं काय करायचंय, हे मी विचारलंच नाही. मी गृहीत धरलं होतं: सॅल्यूट करायचा असेल, फुलं वाहायची असतील.

तारीख, कागद आणि एक टेप

आबांना १० डिसेंबरचीच रात्र हवी होती. मी विरोध केला. अशा वर्षदिनाच्या आसपास जुना त्रास उसळतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. शिवाय डिसेंबर-जानेवारीत त्या भागात धुकं असतं, विमानं खोळंबतात. आम्ही फेब्रुवारी २०२३ ठरवला. या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली.

पासपोर्टला चार महिने गेले. लष्करी कागदात जन्मतारीख १ जून, आधारवर वेगळीच. जुन्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकत, तो घोळ अशा वयात अंगावर येतो. आधी आधार दुरुस्त केलं, मग अर्ज. लोअर परळच्या केंद्रात आबा बोटांचे ठसे द्यायला गेले, तेव्हा बाहेर उभे राहून नातीला कुठे कुठे भोंगा वाजायचा ते दाखवत होते. पासपोर्ट आल्यावर मुंबईतल्याच बांगलादेशच्या उपउच्चायुक्तालयातून व्हिसा.

बाकीची तयारी डॉक्टर, नात आणि मी मिळून केली. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीवर औषधांची रासायनिक नावं. रक्तदाबाचं यंत्र सोबत. रोज सकाळी मोजायचा, १६० च्या वर असेल तर त्या दिवशी बाहेर जायचं नाही. जागेवर आबांनी छातीवर हात ठेवला की काहीही न विचारता परत फिरायचं. जमालपूरमधले एक निवृत्त शिक्षक ओळखीच्या ओळखीतून मिळाले. त्यांचे वडील मुक्तिबाहिनीत होते. मुलगा अजूनही रुसलेला, त्याला मी फारसं समजावलं नाही.

निघायला तीन आठवडे असताना नातीचा फोन आला. आबांनी बॅगेत गवंडी वापरतात तो तीस मीटरचा टेप भरला होता.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. "आबा, टेप कशाला?"

बराच वेळ गेला. मग ते बोलले. त्यांच्याच तालुक्यातला, त्यांच्याच सेक्शनचा एक जोडीदार त्या रात्री रस्त्याच्या पलीकडे पडला. लगेच गेला नाही. पहाटेपर्यंत हाका मारत होता. आबा अलीकडच्या मोर्चात, म्हणजे बंदूक रोखून बसायच्या जागेत, होते. उठायचं नाही असा हुकूम होता. रस्त्यावर जे हलेल त्यावर आपलीच एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालणार होती. १९७२ मध्ये सुट्टीवर गेल्यावर ते जोडीदाराच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला सांगितलं, "लगेच गेला, त्याला काही कळलं नाही." त्यानंतर त्या गावात पाऊल टाकलं नाही.

"दहा पावलं होती, ताई. मला कायम वाटतं, दहाच पावलं होती. मला मोजायचंय."

हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय होता. इतका वेळ आम्ही श्रद्धांजलीची सहल आखत होतो. हा माणूस स्वतःवरचा खटला चालवायला निघाला होता. प्रवास रद्द करावा का? डॉक्टरांशी बोलले. त्यांनी विचारलं, "दहाच पावलं भरली तर काय, हे त्यांच्याशी बोललात का?" मग आम्ही तीन बैठका फक्त त्यावर घेतल्या. दहा भरली तर. शंभर भरली तर. जागाच सापडली नाही तर. प्रत्येक वेळी आबांनी पुढच्या तासाचं काय करतील ते सांगायचं: कुठे बसतील, कोणाला फोन करतील. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी ते म्हणाले, "दहा भरली तरी मला कळू दे." आम्ही प्रवास कायम ठेवला. माझी झोप मात्र गेली होती.

जमालपूरमध्ये

मी सोबत नव्हते. हा भाग नातीच्या रोजच्या फोनवरून आणि तिच्या वहीवरून लिहिते आहे.

कोलकात्यात एक मुक्काम, मग ढाका. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, गाडीने जमालपूर. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी शहराच्या दक्षिणेकडचा रस्ता दाखवला. आबांना काहीच ओळखू येईना. त्यांच्या डोक्यात कापलेल्या भाताची कोरडी, करडी खाचरं होती. समोर पाणी भरलेली हिरवीगार शेतं. डिसेंबरमध्ये तिथे पावसाळी भाताची कापणी उरकलेली असते. फेब्रुवारीत बोरो, म्हणजे उन्हाळी भात, उभा असतो आणि आता कूपनलिकांमुळे जिकडेतिकडे तोच. महिना मी निवडला होता. रोगाचा विचार केला, पिकाचा केलाच नाही. शेतकऱ्याच्या पोराला जमीन पिकावरून ओळखायची सवय असते, हे मला सुचायला हवं होतं.

ते रस्त्याने दोन किलोमीटर वर-खाली फिरले. एका मोरीपाशी थांबले, म्हणाले, "हीच असेल." पण खात्री नव्हती. रात्री जेवले नाहीत. रक्तदाब १७०. नातीने मला फोन केला. शिक्षकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ती मोरी ऐंशीच्या दशकातली आहे. "आबांना सांगू का?" मी म्हटलं, आज नको. रक्तदाब उतरू दे.

२१ तारखेला विश्रांती. त्या दिवशी तिथे भाषाशहिदांचा, म्हणजे बंगाली भाषेसाठी जीव दिलेल्यांचा, दिवस असतो. पहाटे शाळेची पोरं अनवाणी, हातात फुलं घेऊन शहीद मिनाराकडे, त्यांच्या स्मारकाकडे, चालली होती. आबा खोलीतून खाली उतरले, बूट काढले आणि रस्त्याच्या कडेला सावधान उभे राहिले. शिक्षकांनी सांगेपर्यंत त्यांना हा दिवस कशाचा ते ठाऊकही नव्हतं. सकाळचा रक्तदाब १४०.

२२ ला शिक्षक एका वृद्ध शेतकऱ्याला घेऊन आले. युद्धाच्या वेळी ते दहा-बारा वर्षांचे होते. सकाळी प्रेतं गोळा करताना त्यांनी पाहिली होती. पाकिस्तानी बाजूची दोनशेहून जास्त माणसं त्या रात्री पडली. शेतकऱ्याने हाताने दाखवलं: तेव्हा शेतात पाणी नव्हतं, रस्ता अरुंद होता, पण भराव एवढाच उंच होता. पूर येतो म्हणून तिथे रस्ते मातीचा भराव घालून उचललेले असतात, आणि दोन्ही बाजूंना ती माती उपसलेले खड्डे.

आबांनी काठी टेकत भराव उतरला आणि खाली, शेताच्या बांधावर बसले. नातीला म्हणाले, "पलीकडे जा आणि माझ्यासारखी खाली बस." ती रस्ता ओलांडून पलीकडच्या उतारावरून खाली गेली. तिला आजोबा दिसेनात. त्यांना ती दिसेना. मध्ये माणसापेक्षा उंच मातीची भिंत. तिने हाक मारली. आवाज अगदी जवळून आल्यासारखा पोहोचला.

पाच-सात मिनिटं काहीच हालचाल नाही. ती घाबरून वर आली. आबा तसेच बसले होते.

"भराव होता गं. मध्ये भराव होता. मी विसरलो होतो."

पन्नास वर्षं त्यांच्या आठवणीत ती जागा सपाट होती. आवाज जवळून येत होता म्हणून बहुधा मनाने मधली माती काढून टाकली. ती ओलांडायची म्हणजे रस्त्याच्या माथ्यावर, दोन्हीकडच्या बंदुकांसमोर उभं राहायचं.

टेप लावला. रस्ता रुंद झालाय तेवढं वजा करायला आबांनीच सांगितलं. अंदाजे २१ मीटर. दहा पावलं नव्हती, पण फार लांबही नव्हतं. नातीच्या वहीत तो आकडा आहे आणि पुढे आबांचं वाक्य: "जवळ होता. पण सपाट नव्हतं."

परतताना गाडीत त्यांनी तिला सांगितलं, "ती मोरी नंतरची आहे. सिमेंटवर साल कोरलंय, मी परवाच वाचलं. तू सांगितलं नाहीस." ती गप्प राहिली. तेच पुढे म्हणाले, "नेमकी तीच जागा असंल असं नाही. पण रस्ता तोच आणि भराव तोच."

परतल्यावर

पाइलिंग सुरूच होतं. आबा अजूनही पहाटे जागे होतात. पण दिवे बंद करत नाहीत. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. मुलगा विमानतळावर न्यायला आला होता. महिन्याभरानंतर त्याने पहिल्यांदा विचारलं, "तिथं काय झालं?" आबांनी त्याला जेवणाच्या ताटावर मिठाची रेघ ओढून रस्ता दाखवला, भाताचा भराव केला. सूनबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत बापलेक पहिल्यांदा एवढा वेळ बोलले.

वेगळं काय करता आलं असतं

"तिथे जाऊन काय करायचंय?" हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. कदाचित तेव्हा उत्तर मिळालं नसतं, पण मी विचारलंय हे त्यांना कळलं असतं. टेप बॅगेत सापडला हे आमचं नशीब. नाहीतर तो जमालपूरच्या रस्त्यावरच बाहेर आला असता आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी एकटी त्याला तोंड देत बसली असती.

महिना निवडताना जागेची आठवण कोणत्या ऋतूतली आहे, ते विचारायला हवं होतं. १० तारखेची रात्र टाळूनही नोव्हेंबरच्या अखेरीला जाता आलं असतं.

मुलाला मी विरोधक मानून बाजूला ठेवलं. त्याच्या भीतीशी बोलले असते तर कदाचित तोही गेला असता, आणि नातीवरचा भार निम्मा झाला असता.

मोरीबद्दल गप्प राहायला सांगितलं, तेही माझ्या मनाला लागून आहे. रक्तदाब १७० असताना त्या रात्री न सांगणं मी आजही योग्य मानते. पण २१ ला सकाळी तो उतरला होता, तेव्हा सांगायला हवं होतं. ज्या माणसाने भल्यासाठी म्हणून एक खोटं पन्नास वर्षं छातीवर वागवलं, त्याच्यापासून मी भल्यासाठी म्हणून खरं लपवलं. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि क्रम. जोडीदाराची पत्नी हयात आहे, हे आम्हाला टेपच्या दिवशी कळलं. आधी तिच्याकडे जावं का, यावर मी विचार केला आणि नको म्हटलं. तिच्या घरी जाऊन तिच्या मनातली शांत आठवण मोडायचा हक्क आबांना किंवा मला आहे का, हे मला ठरवता येईना. ते मी आबांवर सोडलं. मे महिन्यात ते नातीला घेऊन स्वतःच गेले.

बाई आता ७३ वर्षांच्या. ओसरीवर बसवलं, चहा झाला. आबांनी सगळं सांगितलं: रात्र, हाका, भराव, २१ मीटर, आणि १९७२ मध्ये आपण खोटं बोललो ते. त्या ऐकत राहिल्या. मग एकच विचारलं.

"कुणाला हाका मारत हुते?"

"आईला."

त्यांनी पदर सारखा केला. अंगणाकडे बघत म्हणाल्या, "आत्याबाई शेवटपतोर इचारत हुत्या, माजं नाव घेतलं का त्यानं. त्या हुत्या तवर यायला पायजे हुतं, भावजी."